गावाचा सामाजिक इतिहास लिहायचाय? आधी भांडणं शोधा

गोव्यात गावाचा इतिहास म्हणून जे छापलं जातं त्याचा साचा ठरलेला आहे. परशुरामाने बाण मारला, कदंब आले, पोर्तुगीज आले, देव पलीकडच्या महालात नेला, १९६१ साली मुक्ती मिळाली आणि शेवटी देवस्थान समितीचे फोटो. नाव बदलून हेच पान शेजारच्या गावाच्या स्मरणिकेत छापलं तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

गाव सापडतो तो मानापानाच्या तंट्यात. पालखीला पहिला खांदा कोणाचा, फेस्ताचा खर्च कुठल्या कोंफ्रारीने (चर्चच्या मंडळाने) करायचा, मानशीची (खाडीच्या बांधातल्या झडपांवरच्या मासेमारीची) पावणी (लिलाव) कोणाच्या नावे सुटली, मांडावर (वाड्याच्या पवित्र जागी) नारळ कोणी ठेवायचा. रीत सुरळीत चालू असते तेव्हा ती लिहून ठेवायची कोणाला गरज वाटत नाही. ती मोडली किंवा कोणी आव्हान दिलं की दोन्ही बाजू आपला हक्क कागदावर मांडतात, साक्षीदार आणतात, जुने दाखले काढतात. म्हणून लिखाणाची सुरुवात स्थापनेच्या दंतकथेपासून न करता गावात आठवणीत असलेल्या तंट्यांच्या यादीपासून करा. पाच-सहा तंटे मिळाले की पुढचं काम आपोआप दिसायला लागतं.

एकच वाडा घ्या

आख्खा गाव घेतला तर काम पुरं होत नाही. तीस-चाळीस घरांचा एक वाडा पुरे. शक्यतो असा वाडा निवडा जिथे किमान दोन जाती किंवा दोन धर्मांची घरं आहेत आणि शेत, देऊळ-चर्च आणि बाहेरगावी जाणारी माणसं असे तिन्ही धागे हाताला लागतात. काळाची मर्यादाही घाला. पहिल्या प्रयत्नाला १९१० ते १९८७ एवढा पट्टा सोयीचा पडतो. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंवरची धार्मिक बंधनं कायद्याने सुटली, १९८७ साली गोवा राज्य झालं. मधल्या काळातल्या बऱ्याच गोष्टींचे कागदही मिळतात आणि त्या पाहिलेली किंवा आईबापांकडून ऐकलेली माणसंही.

पहिल्या आठवड्यात कोणाची मुलाखत घेऊ नका. भूमापन खात्यातून गावाचा सर्व्हे नकाशा आणा, त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढा आणि वाड्यात पायी फिरा. विहिरी, पोयं, खळी, मांड, तुळशीवृंदावनं, खुरीस (क्रूस), राखणदाराची जागा, तिंटो (बाजाराची जागा), जुनी पाणंद, पडीक घरांची जोती, सगळं नकाशावर घाला. विहिरीपाशी जास्त वेळ थांबा. कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरायचं आणि कोणाला दुरून ओतून द्यायचे, हे म्हाताऱ्या बायका बिनदिक्कत सांगतात. त्याच घरचे पुरुष ‘आमच्याकडे तसं काही नव्हतं’ म्हणून मोकळे होतात.

भाटांची (नारळी-बागायतींची) नावंही उतरवा. जुन्या काबिजादीत (सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेलेल्या भागात) एखाद्या भाटाच्या नावात देऊळ असेल आणि तिथे आज देऊळ नसेल तर ती नोंद मोलाची आहे. पण नावावरून थेट निष्कर्ष काढू नका. ते देवस्थानच्या उत्पन्नाचं भाट असू शकतं, मूळ देवळाची जागा असेलच असं नाही.

कागद कुठे असतात

आधी एक गोष्ट पक्की करा: तुमचा गाव जुन्या काबिजादीतला की नव्या? तिसवाडी, बारदेस आणि साष्टी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेले. फोंडा १७६३ मध्ये आणि पेडणे, डिचोली, सत्तरी, केपे, काणकोण हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. या दोनशे-अडीचशे वर्षांच्या फरकामुळे कागदांची जातच बदलते. जुन्या काबिजादीत चर्चच्या नोंदवह्या आणि गावकारीचे (गावच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे) हिशेब, त्यातले जुने गोयकानडी लिपीत आणि नंतरचे पोर्तुगीजमध्ये. नव्या काबिजादीत मोडी मराठी, देसाई-सरदेसायांचे दप्तर आणि देवस्थानचे कागद. साष्टीतल्या गावासाठी मोडी शिकत बसणं आणि सत्तरीतल्या गावासाठी बाप्तिस्म्याच्या वह्या शोधणं, दोन्ही फुकटची मेहनत.

गावकारी, म्हणजे आजची कोमुनिदाद, हा पहिला थांबा. आफोंसु मेशियाने १५२६ साली तिसवाडीतल्या गावकारांच्या रूढी लिहून घेतल्या. तो फोराल म्हणजे गावकारीच्या चालीरीतींचा हाती असलेला फार जुना लेखी पुरावा. मात्र तो सरकारी महसुलाच्या गरजेतून लिहिला गेला आणि गावकारांनी सांगितला, त्यामुळे त्यात कुणबी, गावडे, मजूर जवळजवळ दिसत नाहीत. कोमुनिदादीच्या सभांच्या वह्या, पावणीच्या नोंदी, झोण (गावकारांना मिळणारा उत्पन्नाचा वाटा) घेणाऱ्यांच्या याद्या पाहायला प्रशासकांच्या कचेरीत अर्ज करावा लागतो. उत्तरेची कचेरी म्हापशाला, मध्यची पणजीला आणि दक्षिणेची मडगावला. अर्जात ‘इतिहास संशोधन’ असं मोघम लिहिलंत तर तो पडून राहतो. गाव, वहीचा प्रकार आणि वर्षं लिहा. ‘अमुक गावची पावणीची वही, १९२० ते १९३५’ असं लिहिलं की कारकुनाला काय काढायचं ते कळतं.

देवस्थानांचे कागद दोन जागी असतात: समितीच्या मुखत्याराकडे आणि मामलेदाराच्या कचेरीत, कारण देवस्थानांचा प्रशासक मामलेदार असतो. त्यात दोन गोष्टी मागा, महाजनांचा (देवस्थानच्या हक्कदार सभासदांचा) कातालोग, म्हणजे यादी, आणि देवस्थानची नियमावली, जिला जुनी माणसं कोंप्रोमिस म्हणतात. कातालोगात कोणाची नावं आहेत हे पाहून झालं की कोणाची नाहीत ते पाहा. देवळात रोज वाजवणारे, दिवटी धरणारे, झाडलोट करणारे, नाचणारे यांची घरं तुमच्या वाड्यात असतील आणि कातालोगात नसतील. त्यांची नावं सापडतात ती खर्चाच्या वहीत, तांदूळ आणि नारळांच्या हिशेबात.

पणजीच्या पुराभिलेख खात्याची सुरुवात १५९५ ची. तिथे जाण्याआधी पर्वरीच्या झेवियर सेंटरमधली आणि पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली छापील साधनं चाळून या, नाहीतर तिथे बसून काय मागायचं तेच सुचत नाही.

वारसाहक्काच्या इन्व्हेंतारांकडे फार कमी लोक वळतात. घरातला कर्ता वारला की त्याच्या मालमत्तेची यादी कोर्टात व्हायची. शेतं-भाटांबरोबर कधी पितळेची भांडी, सोनं, लाकडी पेट्या, उसनवार दिलेले पैसे, देणेकऱ्यांची नावं. कोण कोणाचं देणं लागत होता हे एका वाड्याच्या चार-पाच इन्व्हेंतारांतून जितकं स्पष्ट होतं तितकं कुठल्याही मुलाखतीतून होत नाही. तुमचा भर एकाच साधनावर ठेवायचा झाला तर तो इथे ठेवा.

१९६१ नंतरच्या काळासाठी एक-चौदाचे उतारे (जमिनीच्या हक्कांचे) आणि मामलेदाराकडची मुंडकारांची (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांची) नोंदवही. उताऱ्यावर नाव कोणाचं, कुळाच्या रकान्यात कोण, इतर हक्कांत काय, आणि फेरफार कधी झाला, हे चारही उतरवा. नुसत्या ताज्या उताऱ्याचा उपयोग नाही. जुन्या नोंदीची नक्कल सोबत नसेल तर बदल दिसणार कसा?

वाचताना पाय घसरतो तो इथे

पोर्तुगीज स्पेलिंगमधला एक्स बहुतेक वेळा ‘श’ असतो: शेल्डे, शेळवण. शेवटचा एम हा नुसता अनुनासिक, त्यामुळे ‘शिवोली’च्या शेवटी ‘म’ वाचू नका. ‘ड’च्या जागी अनेकदा आर येतो. मडगावचं ‘मार्गांव’ आणि मडकईचं ‘मार्काईम’ झालं ते असंच. हे नियम एका कागदावर लिहून समोर ठेवा, नाहीतर एकाच वाड्याची तीन वाडे म्हणून नोंद होते.

आडनावांवर विसंबू नका. ख्रिस्ती कुटुंबांत धर्मांतराच्या वेळी पाद्रीचं किंवा पाद्रीनाचं (धर्मपित्याचं) आडनाव मिळे, त्यामुळे एकाच वांगडातल्या (गावकार घराण्यांच्या गटातल्या) दोन घरांची आडनावं वेगळी आणि भलत्याच दोन घरांची सारखी असू शकतात. हिंदूंत ‘सिनाय’ कधी लागतं, कधी गळतं, आणि मुक्तीनंतर अनेकांनी आडनावं बदलून घेतली. माणूस ओळखायचा तो बापाचं नाव, वाडा आणि घराचं नाव या तिघांवरून. तिन्हींपैकी दोन जुळल्याशिवाय ‘तोच हा’ असं लिहू नका.

शके आणि इसवी सन यांत ७८ चा फरक सगळ्यांना ठाऊक असतो, पण जानेवारी ते फाल्गुन अखेर तो ७९ होतो. शके १८४५ च्या माघातली पावती १९२४ ची आहे, १९२३ ची नव्हे. शिगम्याच्या, म्हणजे फाल्गुनातल्या, तंट्यांच्या बाबतीत ही चूक हमखास होते आणि मग तक्रार आधी अन् घटना नंतर असा उलटा क्रम लागतो.

पैशांचं तसंच. जुन्या हिशेबात एक अशर्फी म्हणजे पाच टंगा आणि एक टंगा म्हणजे साठ रैश. १९५९ साली रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो. दंडाची किंवा पावणीची रक्कम आजच्या रुपयांत करून सांगायचा मोह आवरा. त्याऐवजी त्याच वहीत त्याच वर्षी खंडीभर भाताला काय पडलं ते शोधा आणि रक्कम भातात सांगा. वीस कुडवांची एक खंडी हे गोव्याच्या वाचकाला लगेच कळतं.

बंदीचा कागद उलटा वाचायचा

इन्क्विझिशनचा (चर्चच्या धर्मन्यायालयाचा) १७३६ चा हुकूमनामा हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. ख्रिस्ती लोकांनी लग्नात काय करू नये याची त्यात लांबलचक जंत्री आहे: पान-सुपारी, फुलं, पारंपरिक गाणी, आणि त्याबरोबर घरात बिनमिठाचा भात शिजवणं, अंगणात तुळस ठेवणं, धोतर-चोळी वापरणं. वाचणाऱ्याला पहिल्यांदा दडपशाही दिसते, आणि ती होतीच. पण जी गोष्ट चालू नाही तिच्यावर बंदी घालण्यात कोणाला रस असेल? साष्टी-बारदेसात धर्मांतराला दीडशेहून जास्त वर्षं लोटल्यावरही ह्या चाली घराघरांत होत्या, हा त्या कागदाचा दुसरा अर्थ. पुढची पायरी म्हणजे ती जंत्री घेऊन आजच्या ख्रिस्ती लग्नातल्या रोसाशी (नारळाचा रस लावण्याच्या विधीशी), चुड्याशी ताडून पाहायची: काय टिकलं, काय चर्चच्या चौकटीत बसवून घेतलं, काय गेलं.

हीच पद्धत लहान कागदांनाही लावा. ‘यापुढे मांडावर चपला घालून येऊ नये’ असा समितीचा ठराव दिसला तर त्या साली लोक चपला घालून येऊ लागले होते. कोण, आणि चपला घेण्याइतका पैसा त्यांच्याकडे कुठून आला? उत्तर बहुधा मुंबईच्या कुडांत (गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडांत) किंवा बोटीवरच्या नोकरीत सापडतं.

गाऱ्हाणे आणि नमन पुरतं उतरवा

कागदात नसलेली माणसं तोंडी पाठात असतात. देवळातलं गाऱ्हाणे, धालोचं (बायकांच्या नाच-गाण्याच्या सणाचं) आणि जागराचं (रात्रभराच्या लोकनाट्याचं) नमन यांत देव, देवचार, राखणदार, पूर्वस (पूर्वज) यांची नावं ठरलेल्या क्रमाने येतात. हा क्रम म्हणजे गावच्या वस्तीचा आणि मानाचा आराखडाच असतो, पण तो वाचता यायला हवा. रेकॉर्ड करताना सुरुवातीपासून शेवटच्या ‘व्हय म्हाराजा’पर्यंत घ्या, मधलं ‘नेहमीचंच आहे’ म्हणून बंद करू नका. मग वेगळ्या दिवशी, सण नसताना, म्हणणाऱ्यासोबत बसून प्रत्येक नावाला चार प्रश्न विचारा: जागा कुठे, नारळ कोण देतो, फोडतो कोण, फोडल्यावर शकलं कोणाकडे जातात.

शेवटचा प्रश्न कधी गाळू नका. समजा, नारळ एका घराचा, फोडणारा गुरव, एक शकल गावकाराला आणि दुसरं वाड्यातल्या ख्रिस्ती घराला. असं निघालं तर तिथे थांबा, आणि ते घर पूर्वी कोणत्या वांगडाचं होतं ते गावकारीच्या वहीत पाहा. कुंकळ्ळीत बारा वांगडांची बारा सोत्रे (छत्र्या) शिगम्यात निघतात. देवी फातर्प्याला गेली तरी वांगडांची मोजणी बाराचीच राहिली. शिवोलीचा जागर नाताळानंतरच्या सोमवारी हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात. या गोष्टींना ‘धार्मिक सलोख्याचं प्रतीक’ एवढं म्हणून सोडून देणं हा आळस आहे. गावकारीतला वाटा धर्मांतराने सुटला नाही आणि वाट्याबरोबर मान चिकटलेला राहिला, हे त्यामागचं साधं कारण तपासून मांडा. सलोखा असेल तर तो त्यातच दिसेल.

प्रश्न कोकणीतूनच विचारा आणि उत्तर कोकणीतच लिहून घ्या, मराठी नंतर. ‘तुमच्या जातीला देवळात मान होता का?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. ‘आजी, तुमच्या लग्नाक पयलो विडो कोणाक दिल्लो?’ असं विचारा. आजी नाव सांगते, मग ते का ते सांगते, मग तिची जाऊ मध्येच ‘तशें न्हय गे’ म्हणते. त्या जावेचं म्हणणंही लिहून घ्या. ‘पाचशे वर्षांपासून’ हे शब्द आले की नम्रपणे विचारा, ‘तुमच्या आजोबांनी हे केलेलं तुम्ही पाहिलंत का?’ पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाचलेलं यांच्यासाठी वहीत तीन वेगळ्या खुणा ठेवा. अलीकडे ‘परंपरा’ म्हणून सांगितलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच कुठल्या तरी स्मरणिकेतून वाचलेल्या असतात.

कारण सांगताना घाई नको: खाजनाचं उदाहरण

‘कूळ कायदा आला आणि खाजन बुडालं’ हे वाक्य प्रत्येक भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) घरी ऐकू येतं. कुळाच्या घरी उलटं. दोन्ही तपासायला खाजन, म्हणजे खाडीकाठची बांदाने राखलेली शेती, चालतं कसं ते आधी समजून घ्या. बांद खारं पाणी अडवतो. मानशीच्या लाकडी झडपा भरतीच्या पाण्याच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात. त्या वेळी मानशीवर जाळं लावून मासळी धरतात, आणि हा हक्क पावणीत जातो. पावणी घेणाऱ्याला मासळीसाठी खारं पाणी जास्त आत यावं असं वाटतं, शेतकऱ्याला कोरगूट (खाजनातला भात) पिकवायचं असतं. म्हणजे तंटा मूळच्या रचनेतच आहे. पूर्वी त्याला आवर घालायला गावकारी होती, पावणीच्या पैशातून बांदाची डागडुजीही तीच करायची.

१९६४ च्या कायद्याने कुळाला संरक्षण मिळालं, १९७५ च्या नियमांनी बांदांची सामाईक जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ मालक मानलं गेलं. आता तुमच्या गावापुरते चार मुद्दे साल घालून शोधा: बांदाच्या डागडुजीचा शेवटचा मोठा खर्च, पावणीच्या रकमेतली पहिली मोठी उडी, बांद फुटल्याची पहिली तक्रार, आणि वाड्यातले पुरुष आखातात किंवा बोटीवर जायला लागल्याचं साल. चारही एका आडव्या पट्टीवर मांडा. काही गावांत डागडुजी मुक्तीआधीच थांबलेली निघते. काही ठिकाणी शेती सुटली ती मजूर मिळेनासे झाल्यामुळे, आणि बांद त्यानंतर फुटला. पट्टीवर जो क्रम दिसतो तोच लिहा. दोन्ही घरं तुमच्यावर थोडी नाराज होतील, ते चालायचंच.

गावडा समाजाबद्दल लिहिताना हीच शिस्त. १९२८ साली मसूरकर महाराजांच्या शुद्धीनंतर नव-हिंदू झालेल्या घरांच्या बाबतीत चर्चच्या वहीतली शेवटची नोंद आणि पुढच्या पिढीची नावं ताडून पाहा. धालो आधी होते का, नंतर सुरू झाले का, की मध्ये बंद पडून पुन्हा आले, हे घरागणिक वेगळं निघू शकतं. समाजाबद्दल सरसकट विधान करण्याआधी निदान दहा घरं तरी करा.

काय छापायचं नाही

देवळाच्या सेवेतल्या कुटुंबांची वंशावळ, कोणाच्या बापाचं नाव कागदात नाही, कोण कोणाच्या कर्जात होता, मुंडकाराला घरातून काढल्याचा प्रसंग: हे सगळं तुमच्या वहीत असू द्या. छापताना जिवंत माणसाला किंवा त्याच्या मुलांना त्यावरून ओळखता येत असेल तर घराचं नाव काढा, साल ढोबळ करा. तरीही ओळख पटत असेल तर तो भाग वगळा. जातिवाचक शिव्या कागदात असतात, त्या अवतरणातही देण्याची क्वचितच गरज पडते.

चालू कोर्टकचेरीतल्या मानाच्या प्रश्नावर ‘खरा हक्क कोणाचा’ असा निवाडा देऊ नका. दोन्ही बाजूंचे दाखले सालवार द्या आणि थांबा. नाहीतर तुमचं पुस्तक पुढच्या दाव्यात पुरावा म्हणून लावतील आणि तुम्हाला तारखांना जावं लागेल.

छपाईला देण्याआधी मजकूर वाड्यात वाचून दाखवा. देवळाच्या मंडपात वाचलात तर ख्रिस्ती घरं आणि काही हिंदू घरंही येणार नाहीत, म्हणून शाळेची खोली किंवा एखादं मोकळं अंगण घ्या. पावसाळ्यात ठेवा, तेव्हा काजूच्या कामातले बरेच जण घरी सापडतात. आक्षेप आला की मजकूर लगेच खोडू नका. आक्षेप घेणाऱ्याचं म्हणणं त्याच्या परवानगीने त्याच पानावर खाली द्या. मूळ कागदांचे फोटो गाव, वहीचं नाव, वर्ष आणि पान या क्रमाने नावं देऊन ठेवा आणि एक संच ज्याच्या घरातून कागद मिळाला त्याला, एक गावच्या वाचनालयाला द्या. मुखत्याराकडून आणलेली वही मात्र फोटो झाल्यावर त्याच दिवशी परत करा आणि परत केल्याची सही घ्या.